आधी गडचिरोली, मग लंडन

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर दहा लाखांचा दंड. या बॉण्डवरचा वाद महाराष्ट्रात काही मिटत नाही. त्याला जोडूनच दुसरा मुद्दा निघतो: मेळघाट-गडचिरोली घरात असताना जागतिक आरोग्य शिकायला कर्ज काढून लंडनला कशाला जायचं? इथून, लंडनमधून पाहताना मला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच दिसतं. बॉण्डचं वर्ष ही जागतिक आरोग्याच्या एमएस्सीची सगळ्यात चांगली पूर्वतयारी आहे. अनेक जण ते वर्ष दंड भरून टाळतात, नाहीतर दिवस ढकलून काढतात, याचं वाईट वाटतं.

रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य आधी ग्रामीण भागातल्या मिशन रुग्णालयात राबले, मग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, केलं आणि १९७० मध्ये जामखेडचं ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. अभय आणि राणी बंग यांनीही वर्ध्याच्या खेड्यांत काम केल्यानंतर १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधूनच एमपीएच घेतलं आणि मग गडचिरोली गाठलं. नवजात बाळांच्या त्यांच्या अभ्यासात ३९ गावांत घरी जाऊन काळजी घेतली गेली, ४७ गावं तुलनेसाठी होती, आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आज आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटी देतात, त्यामागे हेच काम आहे. इथल्या वर्गात जामखेड आणि गडचिरोली अभ्यासाला असतात. दोन्ही ठिकाणी क्रम एकच होता: आधी गाव, मग मोजायचं शास्त्र, मग पुन्हा गाव.

मोजायचं शास्त्र म्हणजे काय, ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रसूती रजिस्टरमध्येच दिसतं. जन्मवजनाचा रकाना वरून खाली वाचत जा. २.५, ३.०, २.५, २.८, २.५. खरी वजनं अशी गोल आकड्यांवर गोळा होत नाहीत. काटा शून्यावर आणलेला नसतो, बाळाला दुपट्यासकट ठेवलेलं असतं, नाहीतर घाईत अंदाजे आकडा लिहिलेला असतो. आता व्याख्या पाहा: २,५०० ग्रॅमपेक्षा कमी ते कमी वजनाचं बाळ. म्हणजे २,४३० ग्रॅमचं बाळ २.५ लिहिलं गेलं की कागदावर ते धडधाकट ठरतं. आशाताईच्या जास्तीच्या भेटी त्याला मिळत नाहीत आणि जिल्ह्याचा आकडाही सुधारल्यासारखा दिसतो. बॉण्डवर असलेल्या डॉक्टरला हा रकाना रोज दिसतो. त्याचं काय करायचं, हे मात्र एमबीबीएसच्या पीएसएममध्ये, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विषयात, हाताला लागत नाही.

ब्रिटनमध्ये ही एमएस्सी साधारण एका वर्षाची, १८० क्रेडिटची असते. त्यातले १२० वर्गाचे, ६० प्रबंधाचे. खरी किंमत आहे ती पहिल्या सत्रातल्या साथरोगशास्त्राची आणि संख्याशास्त्राची. एक उदाहरण घ्या. वजनाच्या अभ्यासाला ४०० बाळं पुरतील असा हिशेब निघाला. पण बाळं गावागावाने निवडली तर एका गावातली बाळं एकमेकांसारखी असतात. गावामागे ५० बाळं आणि त्यांच्यातलं साम्य ०.०२ धरलं, तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे बाळांची संख्या किती पट वाढवायची तो आकडा, १ + ४९ × ०.०२ = १.९८. चारशेची जवळपास आठशे झाली. हे सोडून दिलं की अभ्यास संपल्यावर फरक पडला की नाही, ते सांगताच येत नाही, आणि वर्षभराची मेहनत वाया जाते.

प्रबंधात बहुतेकांची गाडी परवानग्यांवर अडते. जूनमध्ये परीक्षा संपते, सप्टेंबरच्या सुरुवातीला प्रबंध द्यायचा. भारतात नवी माहिती गोळा करायची तर विद्यापीठाची एथिक्स मंजुरी, भारतातल्या संस्थेची मंजुरी, आणि परदेशी सहभाग म्हणून आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचाही प्रश्न येतो. तीन महिन्यांत हे होत नाही. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची तयार माहिती घेतात. तिथली ठरलेली चूक म्हणजे वेटिंग, म्हणजे प्रत्येक नोंदीला तिचा भार देणं, विसरणं. त्या माहितीतल्या v005 या भाराच्या रकान्याला दहा लाखांनी भागायचं असतं, नमुना कसा निवडला ते सांगणारे v021 आणि v022 हे रकानेही संगणकाला सांगायचे असतात. नाहीतर टक्केवारी चुकते आणि खात्रीची मर्यादा (कॉन्फिडन्स इंटरव्हल) खोटी अरुंद दिसते.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. लंडनच्या विद्यार्थी व्हिसासाठी फीव्यतिरिक्त महिना १,५२९ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचे १३,७६१ पौंड खात्यात सलग २८ दिवस दाखवावे लागतात. एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी व्हिसा नाकारला जाऊ शकतो. खातं स्वतःचं किंवा आईवडिलांचं चालतं, काकांचं चालत नाही. व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, पण व्हिसा सोळा-सतरा महिन्यांचा असल्याने तो १,१६४ होतो. २०२४ पासून या पदवीसाठी जोडीदाराला सोबत आणता येत नाही. आणि एमएस्सीने इथे डॉक्टरकी करता येत नाही, त्यासाठी प्लॅब ही परीक्षा वेगळी.

नोकरीच्या भरवशावर कर्ज काढू नये, असं माझं ठाम मत आहे. २०२५ मध्ये यूएसएड ही अमेरिकेची परदेशी मदतीची संस्था बंद झाली, ब्रिटननेही २०२७ पर्यंत परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. या क्षेत्रातल्या नोकऱ्या याच पैशांवर चालत होत्या. शिकून झाल्यावर ब्रिटनमध्ये राहायची मुदतही जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी दीड वर्ष आहे. शिष्यवृत्ती मिळत नसेल तर सार्वजनिक आरोग्य शिकवणारं मुंबईचं टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) किंवा तिरुअनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र हा कमीपणाचा पर्याय मुळीच नाही. रजिस्टरमधला तो रकाना वाचायचं शास्त्र तिथेही शिकवतात.

ज्यांचं जायचं नक्की आहे, त्यांनी बॉण्डचं वर्ष संपण्याआधी एक काम करून ठेवावं. प्रश्न एका ओळीत लिहावा, आईचं नाव, मोबाइल आणि आरसीएच क्रमांक (सरकारी माता-बाल नोंदणीचा क्रमांक) वगळून रजिस्टरमधली माहिती वापरण्याची लेखी परवानगी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे मागावी आणि स्थानिक एथिक्स समितीकडे अर्ज टाकावा. सही-शिक्क्याचं ते पत्र जून महिन्यात लंडनहून फोन करून मिळत नाही.