बाबांना यादी देणार नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

माझ्या गेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सरांचं म्हणणं असं की, मुलांना फोन घेऊन बसू देणारं वाचनालय म्हणजे पाणपोईवर ताडी. ‘उलटी’ जपानी चित्रपुस्तकं चाळणं म्हणजे वाचन नव्हे. आणि नववीतली मुलगी काय वाचते हे तिच्या वडिलांना न सांगणारी ग्रंथपाल, म्हणजे मी, बेजबाबदार आहे. शिवाय सोळाच्या आतल्यांना ऑस्ट्रेलियासारखी समाजमाध्यमांची बंदी आपल्याकडेही हवी. अनेक वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाची प्रतिक्रिया. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, त्यामुळे राग यायलासुद्धा जरा वेळ लागला.

‘बेजबाबदार’पासून सुरुवात करते, कारण तो शब्द लागला.

त्या मुलीचं प्रकरण लेखात दोन ओळींत उरकलं होतं, ते पुरं सांगते. तिने मोठ्यांच्या विभागातून मनाच्या आजारांवरचं एक पुस्तक नेलं. मुदत संपली. आमचा संगणक अशा वेळी नोंदवलेल्या क्रमांकावर संदेश पाठवतो, आणि शाळकरी सभासदांचा नोंदवलेला क्रमांक बहुतेकदा वडिलांचा असतो. संदेशात पुस्तकाचं नाव होतं. वडील संध्याकाळी आले तेव्हा मी कुलूप शोधत होते. आवाज चढलेला नव्हता, घाबरलेला होता. “ती आणखी काय काय नेते? यादी द्या.” मी म्हटलं, यादी देत नाही, तुम्ही तिलाच विचारा. त्यांनी दुसऱ्या दिवशी अनामत परत घेतली. मुलगी त्यानंतर आलेली नाही.

म्हणजे आपल्या हिशेबाने मी हरले आणि माझ्याही. पण यादी दिली असती तर ती मुलगी परत आली असती, असं आपल्याला खरंच वाटतं?

या मुलांचा दिवस बघा. शाळेतले गुण आईच्या व्हॉट्सअॅपवर मुलीच्या आधी पोहोचतात. क्लासला पोचल्याचा संदेश जातो. सोसायटीच्या जिन्यात कॅमेरा आहे. आणि ज्या फोनला आपण ताडी म्हणता, तो तर ती कुठल्या चित्रफितीवर किती वेळ थांबली याचीही नोंद ठेवतो आणि त्यावरून पुढची चित्रफीत समोर आणतो. चौदा वर्षांच्या माणसाला आपल्याच शंकेचं उत्तर कुणाला न कळता शोधता यावं, अशी जागा पुण्यात कुठे उरली आहे? माझ्याकडे असावी, एवढाच माझा हट्ट आहे. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ असं आहे. वाचकाच्या वडिलांचा उल्लेख पाचांपैकी एकातही नाही.

मूल धोक्यात आहे असं दिसलं तर मी गप्प बसेन का? नाही. पण आधी मुलाशी बोलेन. त्या मुलीशी बोलायला मी उशीर केला, ही माझी चूक, आणि ती आपण धरलेल्या चुकीपेक्षा मोठी आहे.

एक बदल मात्र लगेच करून घेतला. आता संदेशात पुस्तकाचं नाव जात नाही, “एक पुस्तक परत येणे बाकी” एवढंच जातं. कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, “मग पालकांनी घरात शोधायचं काय?” म्हटलं, मुलाला विचारायचं. त्यांना ते अव्यवहार्य वाटलं.

आता बंदी. ऑस्ट्रेलियाचा कायदा डिसेंबर २०२५ पासून लागू झाला, आणि त्यात दंड मुलाला नाही, पालकालाही नाही, कंपनीला आहे, ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. कंपन्यांवर वचक हवा, याबद्दल आपलं दुमत नसावं. पण आपल्याकडे फोन कुणाचा असतो? ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थेच्या २०२३ च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी सुमारे २० टक्क्यांकडे. पुण्याचे आकडे वेगळे असतील, पण पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून माझ्याकडे येणाऱ्या मुली आईचाच फोन वापरतात. आई धुण्याभांड्याची कामं आटोपून आली की, तासभर. खातं आईचं, वयही आईचं. बंदीला ती मुलगी दिसणार कशी? भावाला मात्र स्वतःचा हँडसेट आहे.

त्याच अहवालातला आणखी एक आकडा मला जास्त छळतो. या वयाच्या चौथाई मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सफाईने वाचता आला नाही. फोनने वाचन मारलं, असं आपण सगळे म्हणतो. बऱ्याच मुलांच्या बाबतीत ते मारायला मुळात जन्मालाच आलेलं नव्हतं.

फोनच्या बाबतीत आपलं एक खरं आहे, आणि ते लेखात लिहायचं मी टाळलं होतं. एक अकरावीतला मुलगा रोज दुपारी खिडकीजवळच्या कोपऱ्यात फोन घेऊन बसायचा. शांत, टापटीप. मला वाटायचं, गोष्टी वाचतोय. दोन-तीन मुलं तिथे तसं खरंच वाचतात, एकीने तर रोमन अक्षरांत चाळीस भागांची मराठी कादंबरी लिहून टाकली आहे (रोमन अक्षरांत! मलाही त्रास होतो, सर, मी गिळते). हा मुलगा पैसे लावून खेळत होता. वडिलांच्या खात्यातली रक्कम गेल्यावर घरी कळलं, मला त्यानंतर. ऑगस्ट २०२५ मध्ये असे पैशांचे खेळ बंद करणारा कायदा संसदेत झाला. त्याच्या वडिलांना तो उशिराच झाला. मी फोनबंदी केली नाही, माझं टेबल त्या कोपऱ्याकडे सरकवलं. आता आपण म्हणाल, मग ही पाळतच झाली की! झाली थोडी. मुलं काय वाचतात ते बघायला मी जात नाही, पण मूल तासभर एकाच जागी गोठून बसलं की पाणी प्यायच्या निमित्ताने जाऊन बोलते. ही रेघ नेहमी नीट आखता येतेच असं नाही.

आमच्या दारावरच्या पाटीतही बदल झाला. पूर्वी होतं, “मोबाईल वापरू नये.” आता आहे, “मोबाईलवर बोलू नये. बाहेर जाऊन बोलावे. बाहेरही हळू बोलावे.”

राहिली ‘उलटी’ पुस्तकं. मांगा, म्हणजे या जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचतात. पहिला संच अप्पा बळवंत चौकातून आणला, तेव्हा एका आजोबांनी “बांधणी चुकलीय, दुकानदाराकडून बदलून घ्या” म्हणून एक प्रत माझ्या टेबलावर आपटली होती. तेव्हा आपण एकटे नाही. बालविभागातली पुस्तकं तेराव्या वर्षी लहान होतात, मोठ्यांच्या विभागातल्या कादंबऱ्या अजून जड असतात, आणि या मधल्या वयासाठी आमच्याकडे एक अख्खी मांडणीसुद्धा नव्हती. मांगा ठेवल्यावर आठजणी नियमित यायला लागल्या. त्यातली एक जपानी शिकायला लागली. पुण्यात क्लासेसना तोटा नाही आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्रही इथे आहे. बाकीच्या सातजणी नुसत्या मांगा वाचतात. वाचोत बापड्या.

मी आठवीत होते तेव्हा बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमागे वेडी होते. माणसाने हजाराहून अधिक लिहिल्या, त्यामुळे संपायची भीती नव्हती. घरी त्यांना ‘कचरा’ म्हणत. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाचे ग्रंथपाल अर्नाळकर देताना बरोबर एक ‘चांगलं’ पुस्तक सक्तीने द्यायचे. ते मी न उघडता परत करायची, आणि त्यांना ते कळायचं, कारण पानं तशीच कोरी करकरीत असत. वडील दर रविवारी त्याच वाचनालयात वर्तमानपत्रं वाचायला बसत, दोघांच्या गप्पाही व्हायच्या. मी काय नेते हे त्या गृहस्थांनी वडिलांना एकदाही सांगितलं नाही.

मुलांना दहा पानं सलग वाचवत नाहीत, या आपल्या वाक्यावर माझं उत्तर नाही, कारण ते मला रोज दिसतं. पुस्तकातली खूण तिसाव्या पानावर अडकलेली असते आणि पुस्तक परत आलेलं असतं. पण प्रत्येक पुस्तकावर सारांश लिहून घ्या, हा आपला उपाय मी करणार नाही. ते काम शाळा करते आहेच, आणि तिसाव्या पानाचं काय झालं ते आपण बघतोच आहोत.

आणि हो, लेखात ‘पारंपारिक’ पडलं होतं, ते ‘पारंपरिक’ केलं आहे. आभारी आहे.