खांद्याचं ऑपरेशन आणि ‘हात हलवूच नका’चा मेसेज: खुलासा

नागपुरात व्हॉट्सॲपवर फिरतंय: खांद्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे हात अजिबात हलवू नका, टाके तुटतील. हे अर्धवट आहे, आणि अशाने सांधे आखडतात. रोटेटर कफ (खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायूबंध) शिवला असेल तर साधारण ४ ते ६ आठवडे हात अडकवायला गळ्यातला पट्टा लागतो, स्वतःच्या जोराने हात उचलायचा नाही, हे खरं. पण बोटं, मनगट बहुधा पहिल्या दिवसापासून हलवायची असतात. पुढे सर्जनने परवानगी दिली, की मग आपण हात सैल सोडायचा, उचलेल फिजिओथेरपिस्ट. त्यात शिवलेल्या जागेवर ताण कमी येतो. वजनाचे व्यायाम साधारण १२ आठवड्यांनंतर. निखळणाऱ्या खांद्याच्या ऑपरेशनचे नियम वेगळे; धंतोलीच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या काकांचा व्यायामाचा तक्ता कृपया स्वतःला लावू नका.