साखर सोडल्याने गाठ उपाशी राहत नाही

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. कर्करोगाच्या पेशी फक्त साखरेवर जगतात. साखर, भात, फळं बंद करा, गाठ उपाशी मरेल. जर्मन शास्त्रज्ञ वारबर्ग यांना याच शोधासाठी नोबेल मिळालं, पण डॉक्टर ते लपवतात. पोहे-जिलबीच्या गावात असं काही वाचलं की घास अडकतोच.

नोबेलचं आधी उरकू. ओटो वारबर्ग यांना १९३१ साली पारितोषिक मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी, कर्करोगासाठी नव्हे. गाठींबद्दलचं त्यांचं निरीक्षण मात्र खरं आहे: ऑक्सिजन हाताशी असूनही त्या पेशी बरंचसं ग्लुकोज अर्धवटच मोडतात आणि उरलेला भाग लॅक्टेट म्हणून बाहेर टाकतात.

अर्धवट म्हणजे किती? ग्लुकोजचा एक रेणू मोडून पायरुव्हेट या छोट्या पदार्थाचे दोन रेणू होतात, तेव्हा पेशीच्या हाती निव्वळ २ एटीपी (पेशीची ऊर्जेची नाणी) लागतात. पायरुव्हेट पुढे मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्यांत गेलं, तर तिथल्या क्रेब्ज चक्र या रासायनिक क्रियांच्या मालिकेतून निघालेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनपर्यंत पोचतात. त्या वाटेवर मायटोकाँड्रियाच्या आतल्या पटलापलीकडे ढकललेले प्रोटॉन परत येताना एटीपी सिंथेज हे एन्झाइम फिरवतात (अक्षरशः गरगर फिरतं ते), आणि एकूण बेरीज ३०-३२ एटीपीच्या आसपास जाते. आपण शाळेत ३८ पाठ केले होते, तो हिशेब आता जुना झाला. तर, अर्धवट मोडणारी पेशी ग्लुकोज जास्त ओढते, इथवर मजकूर बरोबर आहे.

‘फक्त साखरेवर’ हे मात्र चूक. मायटोकाँड्रिया बिघडल्यामुळे ग्लुकोज असं अर्धवट मोडलं जातं, असं वारबर्ग मानत, पण बऱ्याच गाठींमध्ये ते चालू असतात. ग्लुटामिन हे अमिनो आम्ल, मेदाम्लं, कधी लॅक्टेटसुद्धा त्या पेशी वापरतात.

खरी गफलत पुढे आहे. ताटातली साखर बंद केली म्हणजे रक्तातलं ग्लुकोज बंद झालं, असं मजकूर गृहीत धरतो. रक्तात एका वेळी ग्लुकोज असतं जेमतेम ५ ग्रॅम. एकट्या मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम लागतं, आणि तांबड्या पेशींना मायटोकाँड्रियाच नसल्याने त्यांचं तर ग्लुकोजवाचून चालतच नाही. म्हणून यकृत ही पातळी सहसा ढळू देत नाही. आधी ग्लायकोजेन, म्हणजे साठवून ठेवलेलं ग्लुकोज, मोडतं. ते संपत आलं की अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक), ग्लिसरॉल (मेदाचा एक घटक) आणि लॅक्टेट यांपासून नवं ग्लुकोज घडवतं. गाठीने टाकलेलं लॅक्टेटही यकृतात पुन्हा ग्लुकोज होऊन रक्तात येतं! आणि ही अमिनो आम्लं येतात कुठून? खाणं तोडलेल्या माणसाच्या स्नायूंमधून. केमोने आधीच अन्नावरची वासना उडालेल्या काकांचा भात आणि केळं या फॉरवर्डपायी बंद करणं म्हणजे काकांनाच उपाशी ठेवणं. त्यांच्या ताटात काय असावं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारा.

जिलबी कमी करायला माझी ना नाही. लठ्ठपणामुळे काही कर्करोगांचा धोका वाढतो, पण ती वेगळी गोष्ट झाली.

राहिलं ‘डॉक्टर लपवतात’. पेट स्कॅन या गाठी शोधणाऱ्या तपासणीच्या आधी रुग्णाला बहुधा किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोजसारखंच द्रव्य टोचतात. ते जास्त ओढणारी गाठ चित्रात उजळते, मेंदूही उजळतो. लपवलेल्या गोष्टीची तपासणी हेच डॉक्टर रोज लिहून देतात.