वारा पडला म्हणून ग्लायडर पडत नाही

गेला आठवडाभर एक व्हिडिओ फिरतोय. लांब पंखांचं पांढरं ग्लायडर कापणी झालेल्या शेतात उतरतं, धुरळा उडतो आणि व्हिडिओ तिथेच संपतो. खाली मजकूर: "इंजिन नसलेल्या विमानात मुलांना बसवतात! वारा पडला की हा मोठा पतंग दगडासारखा खाली येतो. ओढणारी दोरी तुटली तर संपलंच. पायलटच्या हातात काहीच नसतं. श्रीमंतांचे चोचले, देशाला उपयोग शून्य. पालकांनो, सावध व्हा." मला तो तीन ग्रुपांतून आला आणि चौथ्यांदा ताईकडून. तिच्या लेकीला ग्लायडिंग शिकायचंय. ताईने खाली एवढंच लिहिलं होतं: "तू हेच करायचीस ना? हिला नको."

मी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर शिकले. ताईशी फोनवर जे बोलले तेच इथे मुद्द्यांनी लिहिते, कारण हा मजकूर वाचून आणखी किती घरांत "हिला नको" झालं असेल याचा विचार मनातून जात नाही.

"वारा पडला की दगडासारखा खाली येतो"

पतंगाला वारा लागतो, कारण तो दोरीने जमिनीशी बांधलेला असतो. ग्लायडर मोकळं असतं. ते स्वतःच हवा कापत पुढे जातं आणि पंखांना लागणारा वेग आपल्या उंचीतून काढतं. दिवे घाट उतरताना सायकलला पेडल मारावं लागत नाही, तसंच. ब्लानिकसारखं शिकवणीचं दोन आसनी ग्लायडर शांत हवेत एक मीटर खाली येईपर्यंत साधारण २८ मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे हजार फुटांवरून, कुठूनही उचल मिळाली नाही तरी, पाच मिनिटांहून जास्त वेळ आणि आठ किलोमीटर. दगड तेवढ्या उंचीवरून आठ सेकंदांत येतो.

उलट नवशिक्याला उडवायला सकाळची गार, वारा पडलेली वेळच सगळ्यात चांगली. उड्डाणं थांबवावी लागतात ती वारा सुटल्यावर.

तासन् तास वर राहायला जी गोष्ट लागते तीही वारा नाही, वर चढणारी गरम हवा आहे. मार्च-एप्रिलमध्ये अकरा वाजले की नांगरलेली काळी जमीन आणि पत्र्याच्या शेड तापतात आणि त्यांच्यावरची हवा फुगून सुटते. आम्ही तिला थर्मल म्हणतो. ती डोळ्यांना दिसत नाही, घार दिसते. पंख न हलवता एकाच जागी गोल फिरत वर जाणारी घार दिसली की तिकडे वळायचं. ग्लायडरचा एक पंख हलकासा उचलला जातो, सीट खालून ढकलल्यासारखी वाटते, व्हेरिओमीटरचा, म्हणजे आपण चढतोय की उतरतोय हे दाखवणारा, काटा शून्याच्या वर सरकतो. मग त्याच बाजूला वळून गोल धरायचा. एका दुपारी एक घार आमच्या पंखाच्या टोकापासून इतकी जवळ फिरत होती की ती मान वळवून आमच्याकडे बघतेय हे दिसत होतं. त्या वेळी तिच्यात आणि आमच्यात इंजिनाचा काहीच फरक नव्हता.

मोठ्या विमानांनाही हाच नियम लागू आहे. ऑगस्ट २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ३३० चं इंधन अटलांटिकवर संपलं. दोन्ही इंजिनं बंद, आत ३०६ माणसं. ते विमान सुमारे १९ मिनिटं तरंगत अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळावर उतरलं आणि सगळे वाचले.

"दोरी तुटली तर संपलंच"

दोरी तुटते, हे खरं आहे. ती तुटणार हे धरूनच सगळी शिकवणी बांधलेली असते. ओढणारी दोरी, म्हणजे केबल, आणि ग्लायडर यांच्यामध्ये ठरावीक ताणाला तुटणारा एक छोटा दुवा मुद्दाम घातलेला असतो. ओढ जास्त झालीच तर पंखांवर धोक्याचा ताण येण्याआधी तो तुटावा, यासाठी. पायलट केबल सोडायला विसरला तर हुक स्वतःहून उघडतो.

माझी एक सकाळ सांगते. विंच, म्हणजे केबल भराभर गुंडाळून ग्लायडर वर ओढणारं यंत्र, धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला. केबल गवतातून सरकली, ताणली गेली आणि पाठ सीटला चिकटली. काही सेकंदांत चाक सुटलं, नाक वर गेलं, समोरची जमीन दिसेनाशी झाली. साधारण ३०० फुटांवर 'टक्' असा आवाज आला आणि ओढ एकदम नाहीशी झाली. मागच्या सीटवर बसलेल्या सरांनी न सांगता केबल सोडायची पिवळी मूठ ओढली होती. इंजिन नसल्यामुळे कॉकपिटमध्ये फक्त हवेचा घोंगाट असतो. तो विरत चालल्याचं मला ऐकू आलं. तो विरणं म्हणजे वेग जाणं. स्टिक पुढे. नाक खाली, अजून खाली, पोटात गोळा. घोंगाट परत आला, वेगाचा काटा चढला, तेव्हा सर पहिल्यांदा बोलले: "आता समोर काय आहे?" समोर उतरायला पुरेल एवढी धावपट्टी होती. उंची कमी करणारे पंखांवरचे एअरब्रेक उघडले आणि सरळ उतरलो.

हे मी एकदा नाही, वेगवेगळ्या उंचींवर पुन्हा पुन्हा केलं. ते जमल्याशिवाय सरांनी एकटीला सोडलं नाही.

अपघात होतच नाहीत असं मी कधीच म्हणणार नाही. जमिनीलगत, वेग कमी असताना घाईने वळणं जीवघेणं ठरू शकतं. म्हणूनच आधी वेग, मग बाकी सगळं, हे हाताला सवयीचं होईपर्यंत घोटून घेतात. मजकूर लिहिणाऱ्याने याबद्दल सावध केलं असतं तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

"पायलटच्या हातात काहीच नसतं"

नाक वर-खाली करायला आणि पंख झुकवायला स्टिक, नाक डावी-उजवीकडे वळवायला पायाखालचा रडर, स्टिकवरचा जोर हलका करायला ट्रिम आणि एअरब्रेक, एवढं सगळं हातापायांत असतं. समोर कॅनोपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर, लोकरीचा एक लाल धागा चिकटवलेला असतो. तो सरळ मागे उडत असेल तर ग्लायडर हवेत नीट चाललंय, तिरका झाला तर पायाचं काम चुकतंय. या एका धाग्याने मला जितकं शिकवलं तितकं कॉकपिटमधल्या कुठल्याच काट्याने नाही.

उतरताना पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करता येत नाही, हे मान्य. म्हणून ग्लायडर पायलट थोडा उंचच येतो. जास्तीची उंची टाकून देता येते, कमी पडलेली कुठून आणता येत नाही. ती टाकायचं साधन म्हणजे एअरब्रेक.

आता तो व्हिडिओ पुन्हा, हळू करून बघा. चाक टेकण्याआधी दोन्ही पंखांवर उभ्या पट्ट्या वर आलेल्या दिसतात. तेच एअरब्रेक. ज्याला उंची कमी पडलीय तो ते उघडत नाही. या पायलटकडे उंची शिल्लक होती, शेत त्याने निवडलेलं होतं आणि तो ठरवून तिथे उतरत होता. लांबच्या उड्डाणात पुढे थर्मल मिळाली नाही तर असं करतात. तारा, उतार, उभं पीक, वाऱ्याची दिशा हे सगळं वरूनच बघून शेत ठरवायचं, उतरायचं, पंख सोडवायचे आणि ट्रेलरवर घालून घरी आणायचं. व्हिडिओ आणखी थोडा चालू ठेवला असता तर कॅनोपी उघडून माणूस बाहेर येताना दिसला असता.

"श्रीमंतांचे चोचले, देशाला उपयोग शून्य"

मी शिकले तेव्हा हडपसरचं केंद्र सरकारी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं होतं. आणि याच खात्याच्या तांत्रिक केंद्राने भारतात ग्लायडरं रचली. पहिलं, अश्विनी, १९५८ मध्ये उडालं. पुढे भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. नावं नक्षत्रांची! रोहिणी, मृग, आर्द्रा म्हटलं की आपल्या शेतकऱ्याला पेरणी आठवते, मला लाकडी पंख आठवतात.

उपयोग म्हणाल तर जुलै १९८३ चं एकच उदाहरण पुरे. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ इंधनाच्या हिशोबात किलो-पौंडांचा घोळ झाल्यामुळे हवेतच कोरडं पडलं. आत ६९ माणसं. कॅप्टन बॉब पिअर्सन ग्लायडर उडवणारे होते. गिमलीच्या जुन्या हवाई तळाकडे येताना उंची जास्त आहे हे त्यांना दिसलं, तेव्हा त्यांनी जेट विमान ग्लायडरसारखं मुद्दाम आडवं सरकवून ती टाकली आणि उतरले. कोणीही दगावलं नाही.

राहिले चोचले. पाच-सात मिनिटांच्या एका उड्डाणासाठी आम्ही अर्धा दिवस उन्हात असायचो. ग्लायडर ढकलत परत आणायचं, जीपमागून केबल ओढून आणायची, वहीत वेळा लिहायच्या, दुसऱ्याच्या उड्डाणाला पंखाचं टोक धरून उभं राहायचं. केबल ताणली की पंख समतल ठेवत चार-सहा पावलं धावायचं आणि हात सोडायचा. त्या क्षणी पंख आपल्या बोटांतून स्वतःहून वर उचलला जातो.

ताई, तुझ्या लेकीला पहिल्या दिवशी बसायला मिळेलच असं नाही, पण पंख नक्की धरायला मिळेल. तूही ये. दुसऱ्या टोकाला तू उभी राहा.