परीक्षकांपर्यंत न पोचलेला खंड्या

परवापरवापर्यंत मी फोटोग्राफीच्या एकाही ऑनलाइन स्पर्धेत हरलो नव्हतो. हे मी चारचौघांत सांगायला लागलो की बायको शेजारून पुढचं वाक्य पुरवते, "हरायला आधी स्पर्धेत असावं लागतं ना."

तिचंही खरंय म्हणा. हरणं वेगळं आणि बाद होणं वेगळं. हरतो त्याचा फोटो निदान कोणीतरी बघितलेला असतो. माझा खंड्या (पाण्यावरच्या तारेवर बसलेला, चोचीत मासा, मागे संध्याकाळचा उजेड, मी स्वतः म्हणू नये पण फोटो जमून आलाय) गेली तीन वर्षं वेगवेगळ्या स्पर्धांच्या दारापर्यंत जातो आणि चपला काढायच्या आधीच परत पाठवला जातो.

पहिल्यांदा गेला तो माझ्या लोगोमुळे. दोन संध्याकाळी खर्चून मी नावाचा एक वळणदार वॉटरमार्क बनवला होता, 'र'च्या शेपटीतून लेन्स निघते वगैरे, तो लावला कोपऱ्यात आणि चारी बाजूंनी काळी बॉर्डर. नियमात स्पष्ट लिहिलं होतं की फोटोवर नाव, सही, बॉर्डर काही नको, कारण फोटो कोणाचा हे परीक्षकांना कळता कामा नये. नियम मी वाचले होते, नाही असं नाही, पण खाली स्क्रोल करून 'मला मान्य आहे'वर टिक करण्याला जर वाचणं म्हणत असतील तर. पुढच्या वेळी लोगो काढला, बॉर्डर काढली आणि फाइलचं नाव ठेवलं माझं आख्खं नाव, वडिलांच्या नावासकट, पुढे 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'हेच फायनल'. परत बाद.

मग पिक्सेल. लांब बाजू २०४८ पिक्सेल हवी होती, माझी होती ६०००. कोणीतरी सांगितलं डीपीआय (एका इंचात किती ठिपके ते) ३०० कर म्हणजे होईल, म्हणून मी रात्रभर त्या एका चौकटीत ७२ चे ३००, ३०० चे ७२ करत बसलो आणि पिक्सेल होते तिथेच. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, डीपीआय प्रिंट काढताना बघायचा असतो, स्क्रीनला त्याचं काही नाही, तू मला फोटो पाठव, मी करून देतो." मी चॅटवरून पाठवला, त्याने चॅटवरूनच परत पाठवला. जाताना एकदा आणि येताना एकदा असा दोनदा चेपला गेला, खंड्या आणि मासा यात फरक उरला नाही, आणि वर त्याचा एक्झिफही गळून पडला.

एक्झिफ म्हणजे फोटोची पत्रिका. जन्मतारीख, जन्मवेळ, कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, शटर किती, सगळं कुळगोत्र फाइलच्या पोटात लिहिलेलं असतं. काही स्पर्धांत पत्रिका नसलेलं स्थळ बघतच नाहीत. म्हणून पुढच्या वेळी मूळ फाइल काढली, पत्रिकेसकट नीट एक्सपोर्ट केली, तर उत्तर आलं की फोटो गेल्या दोन वर्षांतला हवा. अहो पण तो गेल्याच पावसाळ्यातला होता! झालं असं होतं की कॅमेऱ्याची बॅटरी बरेच महिने काढून ठेवलेली, त्यामुळे आतलं घड्याळ मागे जाऊन पहिल्या तारखेवर बसलेलं, आणि ते लावायचं मी विसरलो. पत्रिकेनुसार माझ्या खंड्याचा फोटो मी तो कॅमेरा बाजारात यायच्याही आधी काढला होता. यावर आयोजकांशी वाद घालून बघितला पण माझी बाजू मलाच पटेना.

डेडलाइनचं तर बोलूच नका, रात्री ११:५९ कोणाच्या घड्याळातले हे बारीक अक्षरात लिहितात, आणि मी नेहमीच्या सवयीने शेवटची दहा मिनिटं राखून ठेवलेला माणूस.

पण सगळ्यात जिव्हारी लागलं ते रॉ फाइलचं, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या, हात न लावलेल्या मूळ फाइलचं. एके दिवशी मेल आली, तुमचा फोटो पुढच्या फेरीत आहे, खात्रीसाठी रॉ फाइल पाठवा. घरात नुसता आनंद! बायकोने माहेरी फोन केला. रॉ होती, मी आनंदाने पाठवली, आणि विसरलोच की मूळ फोटोत दोन तारा आहेत. खंड्या बसलेला ती एक आणि मागून आडवी गेलेली दुसरी, ती मी क्लोन करून, म्हणजे शेजारचाच तुकडा वर चिकटवून, पुसली होती. त्यांना खरं तर रॉची गरजच नव्हती, कारण वरची तार मी पुसली खरी पण पाण्यातलं तिचं प्रतिबिंब तसंच ठेवलं होतं. उलट टपाली नियम क्रमांक पाठवला, कारण नाही, नुसता क्रमांक.

तेव्हा मी मोठ्या माणसांची दुःखं वाचत बसलो, त्याने बरं वाटतं. २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या बातम्यांच्या फोटोंच्या स्पर्धेने स्तेपान रुदिक या फोटोग्राफरचं बक्षीस काढून घेतलं, का, तर हाताला पट्टी बांधतानाच्या फोटोत मागे डोकावणारा पायाचा एक तुकडा त्याने पुसला होता. एक पाय! मी तर आख्खी तार. त्याच वर्षी वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरमधला फाटकावरून उडी मारणारा लांडगा बाद झाला, परीक्षकांना तो जंगली नसून शिकवलेला असावा असं वाटलं, आणि २०१८ मध्ये त्याच स्पर्धेने आदल्या वर्षी जिंकलेला मुंगीखाऊ बाद केला, तो पेंढा भरलेला असल्याचं तज्ज्ञांचं मत पडलं म्हणून. दोन्ही फोटोग्राफरनी आरोप नाकारला होता, ते असो. माझा खंड्या शंभर टक्के जिवंत होता हे मी फोटोवरूनच सिद्ध करू शकतो, पेंढा भरलेला असता तर इतका हलला नसता.

मधेच एआय आलं. फॉर्मवर नवीन चौकट, 'एआय वापरलं आहे का?' मी फोटोतले दाणे, म्हणजे ते नको असलेले बारीक ठिपके, काढायला जे सॉफ्टवेअर वापरतो त्याच्या बटणावरच एआय लिहिलेलं, म्हणून प्रामाणिकपणे 'हो' केलं आणि प्रामाणिकपणे बाहेर पडलो. इकडे २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेनने एआयने बनवलेलं चित्र सोनीच्या स्पर्धेत पाठवलं, ते जिंकलं, आणि त्यानेच बक्षीस नाकारलं. २०२४ मध्ये माइल्स अ‍ॅस्ट्रेने उलटं केलं, खऱ्या फ्लेमिंगोचा फोटो दुसऱ्या एका स्पर्धेत एआयच्या गटात पाठवला. पक्षी मान वाकवून पोट खाजवत होता त्यामुळे मुंडकं दिसत नव्हतं, परीक्षकांनी त्याला तिसरा नंबर दिला, लोकांनी मतं दिली, आणि फोटो खरा आहे हे त्याने सांगितल्यावर तो बाद झाला. खरा असल्याबद्दल बाद! हे वाचून मी बायकोला म्हटलं, खंड्याला त्या गटात टाकू का? ती म्हणाली, "तिथेही काहीतरी करशील."

तर यंदा मी ठरवलं की काहीच करायचं नाही. दुसरी तार ठेवली. घड्याळ लावून, रॉमध्ये काढलेला नवा खंड्या, जुन्याचाच भाऊबंद असावा, तार तीच. नियम छापून घेतले, भाच्याला समोर बसवून एकेका कलमावर पेन्सिलीने खूण केली, फाइलचं नाव नुसता आकडा, डेडलाइनच्या चार दिवस आधी अपलोड.

महिन्याने मेल आली. 'आपल्या फोटोची निवड होऊ शकली नाही.' खाली नियम क्रमांक नाही. मी मेल वरखाली केली, स्पॅममध्ये दुसरी आली का बघितलं, छापलेले नियम काढून पुन्हा सगळी कलमं तपासली, एक्झिफ उघडून तारीख बघितली, प्रतिबिंबातली तारसुद्धा मोजली, दोनच होत्या. मग आयोजकांना लिहिलं की एंट्री कोणत्या नियमाखाली बाद झाली ते कृपया कळवावं, म्हणजे पुढच्या वेळी काळजी घेता येईल.

दुसऱ्याच दिवशी उत्तर. 'आपली एंट्री सर्व नियमांत बसत होती. तिन्ही परीक्षकांनी फोटो पाहिला आहे.'

बायकोला अजून सांगितलेलं नाही. तिला मी म्हटलंय, पिक्सेलचा काहीतरी घोळ झाला.