बाळाची कातडी मागे ओढू नका

‘मुलगा असेल तर पहिल्या महिन्यापासून रोज तेल लावून शूच्या जागेची कातडी पूर्ण मागे ओढा. नाहीतर आत पांढरा मळ साचतो, शू करताना कातडीला फुगा येतो, इन्फेक्शन होतं आणि शेवटी ऑपरेशन करावं लागतं.’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर फिरला आणि वहिनीने मालिशवाल्या मावशींना लगेच तसं सांगितलंही. भाचा जेमतेम तीन महिन्यांचा आहे!

जन्मतः ही कातडी आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते, नख बोटाला असतं तशी. हा दोष नाही. डेन्मार्कचे डॉक्टर याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुलं वर्षानुवर्षं तपासून १९६८ मध्ये निष्कर्ष मांडले. सहा-सात वर्षांच्या ६३ टक्के मुलांत ती थोडीफार चिकटलेलीच होती, सोळा-सतराव्या वर्षी फक्त ३ टक्क्यांत. वयाबरोबर ती आपली आपण सुटते.

आणि तुम्ही ती तीन महिन्यांच्या बाळाची ओढणार? बारीक चिरा पडतात, लंगोटाला रक्ताचा डाग लागतो, पुढच्या प्रत्येक शूला बाळ कळवळतं. चिरा भरताना व्रण धरतो, कातडीचं तोंड आवळतं, आणि ज्या ऑपरेशनची भीती घातली तेच दारात येतं. कधी कातडी मागे जाऊन तिथेच अडकते, टोक सुजतं. मग रात्र असो की सुट्टी, लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

पांढरा मळ म्हणजे झडलेल्या पेशी. कातडी बोंडापासून सुटत असतानाच त्या जमतात, कडेने आपोआप बाहेर येतात. फुग्याचं म्हणाल तर धार नीट असेल आणि बाळ रडत नसेल तर काळजी नको.

इन्फेक्शनचं अर्धं खरं आहे, मान्य. सुंता न झालेल्या मुलांत पहिल्या वर्षी लघवीचं इन्फेक्शन काही पटींनी जास्त दिसतं, तरी एकूण प्रमाण कमीच असतं. पण ओढणं हा त्यावर उपाय नाहीच, उलट जखम होते.

बाहेरून कोमट पाण्याने धुवा, बस. आत साबण नको, इअरबड नको, डेटॉल तर अजिबात नको. मोठा झाल्यावर कातडी सहज मागे जायला लागली की धुऊन परत पुढे आणायला मुलालाच शिकवा. धार थेंबाथेंबाने येत असेल, टोक लाल होऊन सुजलं, पू आला, शू करताना बाळ रडलं किंवा कारण नसताना ताप आला तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. आणि तपासताना त्यांनीही जोर लावून ओढायला घेतलं तर तिथेच थांबवा.