वांद्र्याच्या कौटुंबिक कोर्टात 'चारित्र्य' या शब्दाशी भांडत बसू नका

मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात आई किंवा बाप समलिंगी आहे असं दिसलं की समोरचा वकील उत्तरात हमखास 'चारित्र्य' आणतो. हा शब्द त्याच्या पदरचा नाही. 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम 17 मध्येच तो आहे. पण त्याच कलमात अर्जदाराची कुवत आहे, मुलाशी त्याचे आधीपासूनचे संबंध आहेत, मूल समजतं असेल तर त्याचं मतही आहे. आपली माणसं एका शब्दावर वीस पानं खर्च करतात आणि बाकीच्यांबद्दल दोन ओळी लिहितात. नेमकं इथेच घोडं अडतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर समलैंगिकता गुन्हा नाही, हे एका परिच्छेदात सांगून पुढे जा. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटलंय की व्यभिचाराचा आरोप घटस्फोटाचं कारण ठरू शकतो, तेवढ्यावरून ताबा नाकारता येत नाही. तो निकाल समलिंगी पालकाचा नव्हता, पण तर्क उपयोगी पडतो. बाकी जागा रोजच्या जगण्याला द्या: लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या डायरीतल्या सह्या, फीच्या पावत्या, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, डबा कोण भरतं, बसस्टॉपवर कोण उभं राहतं. व्हॉट्सॲपचे तीनशे स्क्रीनशॉट कुणी वाचत नाही. तारीखवार दीड पानाचा तक्ता वाचला जातो.

मूळ अर्जासोबत त्याच दिवशी अंतरिम भेटीचा अर्जही टाका. 'आधी काउन्सेलिंग होऊ दे' म्हणत सहा महिने मूल भेटलं नाही, तर पुढे तोच दुरावा तुमच्याविरुद्ध मांडला जातो. हिंदू कुटुंबात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. त्यामुळे तान्ह्या मुलाच्या समलिंगी बापाने पहिल्याच अर्जात पूर्ण ताबा मागण्यापेक्षा भक्कम भेट मागावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवातीच्या भेटी कोर्टाच्या चिल्ड्रन्स कॉम्प्लेक्समध्ये, म्हणजे मुलांच्या भेटीसाठी कोर्टातच ठेवलेल्या जागेत, मिळाल्या तर अपमान समजू नका. वेळेवर जा, नोंद ठेवा.

खरी गफलत कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सह्या करून कोर्टात दिलेल्या तडजोडीच्या अटींमध्ये होते. 'भेट परस्परसंमतीने ठरेल' हे वाक्य म्हणजे भेट नाही. वार, वेळ, मूल कुठे घ्यायचं आणि कुठे सोडायचं, व्हिडिओ कॉल किती वाजता, गणपती-दिवाळी-मे महिन्याची वाटणी, आजारपणात बुडालेली भेट कधी भरून द्यायची, सगळं लिहून घ्या. ते नसेल तर आदेशाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त टाकताना नेमकं काय मोडलं हे दाखवता येत नाही. आणि एक कलम हळूच घुसवलं जातं: 'भेटीवेळी कोणीही त्रयस्थ व्यक्ती हजर राहणार नाही.' म्हणजे तुमचा जोडीदार. आज तडजोड म्हणून सही केलीत, की उद्या तो स्वयंपाकघरात दिसला तरी तो आदेशभंग. कालावधी घालून घ्या, म्हणजे 'पहिल्या आठ भेटींपुरतं', नाहीतर सही करू नका.

ज्यांचं नाव कागदावर नाही त्यांचं दुखणं वेगळं. ऑक्टोबर 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही अविवाहित जोडप्याला एकत्र दत्तक घेता येत नाही. मूल एकाच्याच नावावर येतं. दुसऱ्याने दहा वर्षं वाढवलं असलं तरी कायद्याच्या लेखी तो मुलाचा पालक नाही. कागदावरची आई वारली आणि आजी-आजोबा मुलाला गावी घेऊन गेले, तर वेळ दवडू नका. पालकत्वाचा अर्ज मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं तिथल्या कोर्टात चालतो, आणि चार महिन्यांनी 'आता ते रत्नागिरीलाच राहतं' हा युक्तिवाद उभा राहतो. त्याच 1890 च्या अधिनियमाच्या कलम 8 नुसार मुलाचा स्नेहीही अर्ज करू शकतो, नातं लागत नाही. कलम 17 मध्ये मृत पालकाची इच्छा पाहिली जाते, म्हणून हयातीतच मृत्युपत्रात जोडीदाराला पालक म्हणून नेमा. त्याने कोर्ट बांधलं जात नाही, पण इच्छा लेखी राहते. साक्षीदार दोन, आणि मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका. शाळेच्या फॉर्मवर 'मुलाला नेण्यास अधिकृत व्यक्ती' म्हणून त्याचं नाव दरवर्षी जूनमध्ये नव्याने भरा आणि पोच घ्या.